अर्धं घड्याळ

"चांगलं आलंय ना, सिस्टर?"

काकांनी कागद माझ्यापुढे धरला आणि मी "हो" म्हणाले. घडलं ते एवढंच. संध्याकाळची ड्यूटी संपायला थोडाच वेळ होता, शेजारच्या बेडचं सलाईन संपत आलेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं, आणि काकांच्या मांडीवरच्या पॅडवर डॉक्टरांनी सांगितलेली चाचणी नुकतीच पुरी झाली होती. चाचणी तशी साधी. पेशंटला कोरा कागद द्यायचा, घड्याळ काढायला सांगायचं, आकडे घालायला सांगायचे आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवायला सांगायचे. काकांनी वर्तुळ सुरेख काढलं होतं, पेन्सिल न उचलता. बाराचा आकडा डोक्यावर मांडला आणि एक, दोन, तीन करत ते उजव्या कडेने खाली उतरले. सहाच्या जागी आल्यावर आता चढणीला लागतील असं वाटलं, पण सात, आठ, नऊ, दहा, अकरा हे सगळे आकडे त्यांनी उजव्याच बाजूला, आधीच्या आकड्यांच्या पोटात शिरवून बसवले. दोन्ही काटेही त्याच गर्दीत गेले. डावा अर्धा भाग स्वच्छ, पांढरा. हे सगळं त्यांनी खालचा ओठ दातात धरून, मन लावून केलं होतं. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस. हजारो मुलांच्या वह्या तपासून झालेल्या, आणि आता स्वतःचा कागद माझ्यापुढे धरून विचारत होते, चांगलं आलंय ना.

मी "हो, छान आलंय" म्हणाले, कागदावर तारीख टाकली आणि फाइलला लावला. पुढच्या पाळीच्या सिस्टरला हँडओव्हर देताना "डावीकडचं दुर्लक्ष आहे, डाव्या बाजूने सांभाळून" असं सांगितलं. ते अचूक होतं. घरी आल्यावर हातपाय धुतले, रोजच्यासारखी चित्रांची वही काढली, पेन्सिलीला टोक केलं, आणि काहीच सुचेना. तो "हो" मध्ये येत होता. आम्ही दिवसाकाठी कितीतरी बारीक दिलासे वाटतो. थोडंच दुखेल, लवकर बरं वाटेल, आता झालंच. त्यांतले बरेचसे पूर्ण खरे नसतात आणि त्यांचं मला कधी ओझं वाटलेलं नाही. पण हा प्रश्न चित्राबद्दलचा होता. गेली अनेक वर्षं मी रोज काही ना काही काढते. समोरच्याने न बघता "छान आहे" म्हटलं की आत काय होतं, ते मला ठाऊक आहे.

मी त्यांच्या चित्राकडे बघितलंच नव्हतं. मी चाचणी बघितली होती.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही पेशंटांची डावी बाजू हरवते. नुसती लुळी पडत नाही, हरवते. डोळे शाबूत असतात, पण डावीकडे काही आहे याची दखलच मनात पोहोचत नाही. ताटातलं उजव्या बाजूचं तेवढं संपतं आणि "मला कमी वाढलं" अशी तक्रार येते. दाढी अर्ध्या चेहऱ्याची होते. बेडच्या डाव्या अंगाला उभं राहून हाक मारली की पेशंट उजवीकडे मान वळवून हाक मारणाऱ्याला शोधतो. काकांच्या बाबतीत तर पहिले काही दिवस त्यांचा डावा हातही त्यांचा नव्हता. पाठ पुसताना मी तो हात उचलून पोटावर ठेवला तेव्हा त्यांनी अगदी सभ्यपणे सांगितलं, "सिस्टर, हा कुणाचा तरी हात इथे राहिलाय, बघा." चेष्टा करत नव्हते. एखाद्याची पिशवी बाकावर राहावी, तितक्याच काळजीने सांगत होते.

मिलानमधल्या दोन संशोधकांनी, एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझ्झाती यांनी, १९७८ साली या विकाराबद्दल एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तो वाचला त्या दिवसापासून डोक्यातून गेलेला नाही. शहरातला कॅथेड्रलसमोरचा चौक पेशंटांच्या चांगल्या ओळखीचा होता. त्यांना सांगितलं, मनाने चौकाच्या एका टोकाला उभे राहा आणि काय काय दिसतंय ते सांगा. त्यांनी उजव्या बाजूच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या वगळल्या. मग सांगितलं, आता समोरच्या टोकाला जा, तोंड इकडे करा आणि पुन्हा सांगा. तेव्हा त्यांनी मघाशी वगळलेल्या इमारती नीट सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या वगळल्या. म्हणजे आठवण सगळी जागेवर होती. माणूस कुठे उभा राहून बघतो त्यावर अर्धा चौक असायचा किंवा नसायचा. वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. आजाराची माहिती मिळाली म्हणून नव्हे. माझ्या स्वतःच्या दिवसातले असे किती अर्धे चौक असतील, ते मोजता येईना म्हणून.

चित्र काढायला मी लागले ते झोप येत नव्हती म्हणून. नोकरीची पहिली दोन वर्षं नाइट ड्यूटी करून घरी आले की डोळे मिटत, पण हात चालू राहत. अंथरुणात पडल्या पडल्या बोटं आपोआप टेप फाडत, शीर चाचपत. मग एका सकाळी वही घेतली आणि तो हात कागदावर उतरवून बघितला. माझाच डावा हात. वाईट आला, बोटं गाजरासारखी आली, पण काढताना तासभर कसा गेला ते कळलं नाही आणि नंतर गाढ झोप लागली. पुढे हातच काढत राहिले. सलाईनची पट्टी लावून निळा पडलेला हात, चादरीची कड चिमटीत धरून झोपलेला हात, नातेवाइकाच्या हाताला धरून निर्धास्त झालेला हात. चेहरे काढले नाहीत, आणि पेशंटच्या उशाशी बसून कधीच काढलं नाही. घरी येऊन, आठवेल तेवढं.

हा नियम मी आपण होऊन केलेला नाही. एकदा मधल्या सुट्टीत आयसीयूबाहेरच्या बाकावर एक बाई भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. त्यांच्या मानेची रेषा इतकी थकलेली आणि इतकी सुंदर होती की मी खिशातल्या कागदावर चार रेघा ओढल्या. त्या जाग्या झाल्या, कागद बघितला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला विचारायला हवं होतंत." मी माफी मागितली, कागद त्यांना देऊन टाकला. त्यांनी तो घडी करून मुठीत धरला. त्यांचं माणूस आत होतं, व्हेंटिलेटरवर. आणि मी बाहेर रेषा बघत होते. यात चूक काय झाली ते मला लगेच कळलं, पण बरोबर काय आहे ते आजही पूर्ण कळलेलं नाही. कारण ती मान बघितली म्हणूनच मी नंतर त्यांना उशी आणून दिली होती. एकाच बघण्यातून घेणंही निघालं आणि देणंही. दोन्ही सुटी करता येत नाहीत.

पेन्सिलीने मला नर्सिंगचं काय शिकवलं ते सांगायचं तर श्वासापासून सुरुवात करावी लागेल. श्वास मोजणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत दुर्लक्षित काम आहे. बीपी मशीन घेतं, ऑक्सिजन बोटावरचा चिमटा सांगतो, श्वास मात्र छातीकडे बघत मिनिटभर मोजावा लागतो. घाईच्या वेळी तो मोजला जात नाही, लिहिला जातो. अठरा, वीस, अठरा, वीस. कुठल्याही वॉर्डातले चार्ट काढून बघा, रांगेने सारखे आकडे दिसतील. आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेकदा आधी बदलतो तो श्वासच. मीही असे आकडे लिहिलेले आहेत, हे सांगायला लाज वाटते. चित्र शिकताना पहिला धडा हाच असतो की डोळ्याचा आकार तुम्हाला पाठ आहे म्हणून पाठ असलेला डोळा काढू नका, समोरचा काढा. हा धडा हातात मुरायला मला काही वर्षं लागली. तो मुरल्यावर एक दिवस लक्षात आलं की मी खुर्ची ओढून, घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजते आहे. चोवीस. पाठचा आकडा लिहिला असता तर अठरा.

रंगांचंही तसंच. मुका मार बसल्याची जागा आधी लालसर जांभळी असते, काही दिवसांनी कडेने हिरवट होते, मग पिवळी, मग मातकट. रक्तातलं हिमोग्लोबिन टप्प्याटप्प्याने मोडत जातं, त्याचे हे रंग. शाळेत असताना मला हिरवा हा झाडाचा रंग वाटे. आता तो माणसाच्या कातडीखालीही असतो, हे माहीत आहे. बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली खूण ही तर सगळी रंगाचीच परीक्षा. माकडहाडावर लाली दिसली की बोटाने दाबून सोडायचं. दाबल्यावर जागा फिकट होऊन पुन्हा लाल झाली तर तिथला रक्तपुरवठा चालू आहे. लाली तशीच राहिली तर खालची कातडी बिघडायला लागली आहे. सावळ्या अंगावर ती लाली दिसतच नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीशी ताडून बघावं लागतं, तळव्याने ऊब बघावी लागते, बोटांना ती जागा घट्ट लागते की भुसभुशीत ते बघावं लागतं. त्या क्षणी मी जे करते ते आणि घरी कागदावर छायेतली छाया शोधते ते, यांत मला फरक करता येत नाही. त्याच सावकाशीने करते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की सगळ्यांना दिवा आठवतो. मला तिचे रंग आठवतात. क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंची तिने १८५८ साली जी आकृती छापली, ती पाकळ्यापाकळ्यांच्या फुलासारखी होती. जखमांनी गेलेले लाल, इतर कारणांनी गेलेले काळे, आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी गेलेले निळे. निळ्या पाकळ्या इतक्या मोठ्या की बाकीचे रंग त्यांच्या पोटात बुडून गेले होते. आकड्यांचे तक्ते बघून ज्यांची नजर घसरते त्यांना हे दिसलं पाहिजे, म्हणून एका नर्सने रंग हातात घेतले. तिनेच पुढच्या वर्षी नर्सिंगवरच्या पुस्तकात लिहिलं की सुंदर वस्तूंचा आणि झळाळत्या रंगांचा आजाऱ्याच्या फक्त मनावर परिणाम होतो असं लोक म्हणतात, पण तो शरीरावरही होतो. ती स्वतः तापाने पडली असताना कुणी रानफुलांचा गुच्छ पाठवला आणि त्या क्षणापासून आपण भराभर बऱ्या होऊ लागलो, असं तिने नोंदवलं आहे. सव्वाशे वर्षांनी, १९८४ साली, रॉजर उलरिख या अभ्यासकाने पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या सेहेचाळीस पेशंटांच्या नोंदी ताडून बघितल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा, लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. त्या अभ्यासात मला सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. पेशंट कसे होते हे कळण्यासाठी त्याने जे वाचलं, त्यात नर्सेसनी लिहून ठेवलेल्या नोंदी होत्या. "अस्वस्थ आहे, रडतो आहे" अशा. ड्यूटीच्या शेवटी, थकलेल्या हाताने लिहिलेल्या ओळी. कुणीतरी त्या वाचल्या.

पण हे सगळं सांगताना मला कलेचं औषध करायचं नाही. काही रात्री अशा येतात की घरी आल्यावर वहीकडे बघवत नाही. लहान मूल गेलं त्या आठवड्यात मी काहीच काढलं नाही, आणि काढलं असतं तर मला स्वतःचा राग आला असता. "तुझं बरं, तुला काहीतरी छंद आहे" असं बरोबरीच्या मैत्रिणी प्रेमाने म्हणतात, तेव्हा मी मान डोलावते, पण मनात ते पटत नाही. चित्र मला वॉर्डातून बाहेर नेत नाही. उलट, दारातून बाहेर पडताना जे मी मुद्दाम मागे ठेवून आलेली असते, ते पुन्हा समोर आणून बसवतं आणि आता घाई नाही, नीट बघ म्हणतं. कधी ते सोसवतं, कधी नाही. ज्या दिवशी सोसवतं त्या दिवशी मी दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीला थोडी वेगळी जाते. त्या हाताला त्या हातासारखा धरते, हातांसारखा नाही.

बार्बरा हेपवर्थ या शिल्पकाराची गोष्ट मला म्हणून फार धीर देते. १९४४ साली तिच्या मुलीचं हाडाच्या आजारासाठी ऑपरेशन झालं, त्या निमित्ताने सर्जन नॉर्मन केपनर यांच्याशी ओळख झाली, आणि पुढे त्यांनी तिला ऑपरेशन बघायला बोलावलं. दगड-लाकडात काम करणारी ही बाई १९४७ ते १९४९ ऑपरेशन थिएटरांत उभी राहिली आणि तिने ऐंशीच्या आसपास चित्रं केली. गाऊन आणि मास्कमध्ये बाकी सगळं झाकलेलं, म्हणून तिच्या चित्रांत उरतात ते डोळे आणि हात. पांढऱ्या अस्तरावर रंगाचा पातळ थर, तो खरवडलेला, आणि त्यावर पेन्सिलीची रेषा. रक्त जवळजवळ नाहीच. मी ती चित्रं पहिल्यांदा छापील पानांवर बघितली तेव्हा एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे काहीतरी जातंय, ते घेणारा हात किंचित उघडा आहे, एवढंच बघत राहिले. ही हालचाल मी रोज करते. ती कुणाला चित्रात ठेवण्याइतकी महत्त्वाची वाटली होती.

तर त्या रात्री वही उघडी, कागद कोरा. शेवटी मी काकांचं घड्याळ आठवून काढायला घेतलं. वर्तुळ काढलं, बारा लिहिले आणि उजवीकडे उतरले. सात लिहायची वेळ आली आणि हात डावीकडे ओढला गेला. पुसलं. पुन्हा काढलं. मुद्दाम उजवीकडे आकडे कोंबले तर ते कोंबलेले दिसत होते, त्यात खोटेपणा होता. काकांच्या कागदावर तो नव्हता. त्यांचं घड्याळ त्यांच्यापुरतं पुरं होतं, त्यात गर्दी होती पण उणीव नव्हती. आंटोन रेडरशाइट नावाचा जर्मन चित्रकार होता. १९६७ साली, पंचाहत्तरीच्या सुमारास, त्याला मेंदूच्या उजव्या बाजूचा झटका आला. त्यानंतरच्या महिन्यांत तो स्वतःचे चेहरे रंगवत राहिला. सुरुवातीच्या चित्रांत चेहऱ्याची डावी बाजू जवळजवळ नाहीच, आणि एकेका चित्रागणिक ती हळूहळू भरत जाते. अभ्यासक त्यांत मेंदू कसा सावरला ते बघतात. मला त्यांतलं पहिलं चित्र बघताना वाटतं, ते पुरं झाल्यावर त्याने ब्रश खाली ठेवला असेल आणि खोलीत कुणी असेल तर त्यालाही तेच विचारलं असेल.

मी त्या जागी असते तर काय म्हणाले असते?

दोन दिवसांनी माझी सकाळची ड्यूटी होती. पाठ पुसून झाली, कुशी बदलून झाली, औषधं झाली. थोडी सवड होती. फिजिओथेरपिस्टने सांगितलेली एक युक्ती आम्ही वापरतो, कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढायची आणि पेशंटला सांगायचं की ती रेघ सापडेपर्यंत नजर डावीकडे न्यायची. घरातली लाल पेन्सिल मी खिशात घालून आणली होती. काकांना उशा लावून बसवलं, पुढे टेबल ओढलं, कागद ठेवला, रेघ ओढली. मग त्यांचा डावा हात मनगटाला आधार देऊन हळूच उचलला आणि कागदावर पालथा ठेवला. "काका, या हाताभोवती रेघ काढू का?" मी विचारलं. त्यांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काढा की," म्हणाले. कुणाचा हात ते विचारलं नाही.

मी मनगटापासून सुरुवात केली. अंगठ्याला वळसा, मग तर्जनीची चढण, तर्जनी आणि मधल्या बोटामधली खाच. लुळ्या हाताची बोटं जड असतात, पेन्सिल कातडीला लागून जाते तेव्हा ती हलत नाहीत. पण मधल्या बोटाच्या टोकाशी पोहोचले तेव्हा काकांची मान किंचित, अगदी किंचित, रेषेच्या मागे वळत होती. करंगळी उतरून मी मनगटाशी रेघ मिटवली आणि हात उचलून बाजूच्या उशीवर ठेवला. कागदावर रिकामा पंजा राहिला. काकांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. मी दिली. त्यांनी वाकून अंगठ्याला नख काढलं, बारीक, मुळाशी चंद्रकोरीसकट. मग तर्जनीला. मग मधल्या बोटाला, तिथे जरा वेळ लागला. मग पेन्सिल खाली ठेवली, कागद उचलून लांब धरला आणि तोच प्रश्न विचारला.

या वेळी मी बघितलं. तीन नखं होती, तिन्ही वेगवेगळी. अंगठ्याचं रुंद, तर्जनीचं थोडं तिरकं. त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताची नखं बघून काढलेली असावीत, कारण तर्जनीचं नख तिथेही तसंच तिरकं होतं.

"ही तीन फार छान आली आहेत," मी म्हणाले. "अजून दोन राहिली आहेत."

त्यांनी कागद जवळ आणला, लांब नेला.

"कुठे?"

मी कागद परत टेबलावर ठेवला, त्यांच्या उजव्या हाताचं बोट अंगठ्याच्या नखावर टेकवलं, आणि आम्ही दोघं डावीकडे निघालो.